जुनी वॉटर स्कूटर घेतलीत? आधी इंजिनाची नाडी पाहा



या सदरात आजवर आपण पाण्याचा पंप, पॉवर टिलर, फवारणी यंत्र आणि ग्रास कटर यांची दुखणी पाहिली. आज जरा निराळ्या यंत्राबद्दल लिहितो आहे. घाटावरचे वाचक म्हणतील, साहेब आता समुद्रात उतरले! पण मालवण, तारकर्ली, देवबाग, तिकडे गुहागर, दापोली आणि वर काशीद, नागावपर्यंत आंबा, काजू, सुपारीच्या जोडीला पर्यटन हेही आता एक पीकच झाले आहे. या पिकाचे एक अवजार म्हणजे पाण्यावर पळणारी स्कूटर. लोक तिला सरसकट जेट स्की म्हणतात. ते नाव खरे तर कावासाकी कंपनीने १९७० च्या दशकात आपल्या यंत्राला दिले होते. पुढे ते सगळ्यांनाच चिकटले. नवे यंत्र आपल्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर असते, म्हणून जुने घेतात, आणि जुने घेतले की कपाळाला हात लावायची वेळ येते.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. किनाऱ्यावरच्या एका गावातून एका माउलीचे पत्र आले. टपालाने नव्हे, शेजारच्या मुलाच्या हाती. मजकूर थोडक्यात असा:

"तुमचे सदर आम्ही नेहमी वाचतो. काजूवरच्या ढेकण्यासाठी तुम्ही सांगितले तसे केले आणि गुण आला, म्हणून लिहिते. माझ्या मुलाने अडीच लाखांना जुनी वॉटर स्कूटर आणली. दोन वर्षांचे काजूचे पैसे त्यात गेले आणि माझ्या चार बांगड्या सोसायटीत ठेवल्या. यंत्र पाण्यात नेले की दहा मिनिटांत मान टाकते. विकणारा म्हणाला, बॅटरी बदला. बदलली. मग म्हणाला, प्लग बदला. बदलले. आता म्हणतो, इंजिन खोलून बघा. पंधरा दिवसांत पसंत पडले नाही तर परत घेईन, असा त्याने चार माणसांत शब्द दिला आहे. आज अकरावा दिवस. खोलू काय?"

मी लगेच फोन केला आणि सांगितले, पान्याला हात लावू नका, उद्या येतो. कारण उघड आहे. एकदा इंजिन खोलले की विकणारा म्हणणार, तुमच्याच मेकॅनिकने बिघडवले. बैल बाजारातून आणल्यावर त्याचे दात बघावेत, चाल बघावी. पोट फाडून कोणी बघत नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो. माडाच्या सावलीत ट्रॉलीवर यंत्र उभे होते. दोन सिलिंडरचे, टू-स्ट्रोक, दोन कार्ब्युरेटरचे जुने मॉडेल. मुलगा तेवीस-चोवीस वर्षांचा, तोंड उतरलेले. आई पडवीत बसलेली. म्हणाली, "साहेब, ह्या चालूच होईना. काय करूचा ता सांगा."

टू-स्ट्रोक हा शब्द ऐकून दचकू नका. तुमच्या घरात जो टू-स्ट्रोक ग्रास कटर आहे त्याचेच हे थोरले भावंड. पेट्रोलातून ऑइल जाते, प्लग ठिणगी टाकतो, पिस्टन वरखाली होतो. फरक एवढाच, की कटर वाऱ्याने थंड होतो आणि हे यंत्र समुद्राच्या पाण्याने. इंजिनाच्या दांड्याला मागे पंखा जोडलेला असतो. तो पुढून पाणी खेचतो आणि मागच्या तोंडातून जोराने फेकतो, त्या धक्क्याने स्कूटर पळते. म्हणजे आपल्या विहिरीवरच्या पंपाचाच प्रकार. मात्र आपला पंप जागेवर राहून पाणी हलवतो, हा पाणी मागे टाकून स्वतः हलतो. त्याच दाबाचे थोडे पाणी नळीने इंजिनाभोवती फिरते आणि बाजूच्या बारीक भोकातून पिचकारीसारखे बाहेर पडते. ही पिचकारी दिसली नाही तर इंजिन ताबडतोब बंद करायचे. नळीत वाळू अडकलेली असते.

या रचनेतली एक गोष्ट गिऱ्हाईक पाठीमागे बसवणाऱ्याने कायम ध्यानात ठेवावी. जुन्या स्कूटरला ब्रेक नसतो आणि वळणे हे सगळे मागून फेकल्या जाणाऱ्या पाण्यावर चालते. इंजिन बंद पडले, किंवा घाबरून थ्रॉटल सोडला, की हँडल फिरवले तरी स्कूटर आपल्या गतीने सरळ जात राहते. समोर पोहणारी माणसे असोत की नांगरलेली होडी. म्हणून मध्येच बंद पडणारे इंजिन हा नुसता पैशाचा प्रश्न नाही. शेतात पंप बंद पडला तर पाळी चुकते. इथे माणूस जातो.

मी मुलाला म्हटले, चालू करून दाखव. त्याने आधी सीट काढून बाजूला ठेवली आणि पाच मिनिटे तशीच उघडी राहू दिली. हे त्याला कोणीतरी चांगले शिकवले होते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती बंद पोटात खाली साठून राहते आणि स्टार्टरच्या एका ठिणगीने भडका उडतो. पेट्रोल भरल्यावर तर हे केलेच पाहिजे.

आता माझी फजिती सांगतो. जमिनीवर इंजिन चालवायचे तर थंड करण्यासाठी बागेच्या नळीने पाणी जोडावे लागते. पाण्याशिवाय चालवलेच तर पंधरा सेकंदांच्या वर नाही, नाहीतर एक्झॉस्टची रबरी नळी करपते. मी तीस वर्षे शेतकऱ्यांना सांगत आलो, पंपात आधी पाणी भरा, मग बटण दाबा. त्याच सवयीने मी नळाची चावी फिरवायला गेलो. मुलाने माझा हात धरला. "काका, नको! आधी इंजिन, मग पाणी!"

पोरगा बरोबर होता. या यंत्रात क्रम उलटा. आधी इंजिन चालू करायचे, मग पाणी सोडायचे. बंद करताना आधी पाणी बंद, मग एकदोनदा हलका थ्रॉटल देऊन आतले पाणी बाहेर टाकायचे आणि मगच इंजिन बंद. इंजिन चालू नसताना पाणी सोडले तर एक्झॉस्टमधून ते बाहेर ढकलायला धूर नसतो. पाणी भरत भरत सिलिंडरात शिरते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. पन्नाशी उलटलेल्या माणसाने तेवीस वर्षांच्या मुलाकडून एक धडा घेतला आणि आम्ही कामाला लागलो.

इंजिन बराच वेळ खरखरल्यावर चालू झाले. चोक ओढलेला होता तोवर चालले. चोक आत ढकलला तसे खोकून मेले. तीनदा केले, तीनदा तसेच.

ग्रास कटरवाल्या वाचकांना हे लक्षण ओळखीचे आहे. चोक म्हणजे हवेची वाट आवळणे. हवा कमी झाली की पेट्रोलचे प्रमाण वाढते. चोक ओढल्यावरच जे इंजिन चालते त्याला एरवी पेट्रोल कमी पडते आहे, किंवा कुठून तरी चोरून हवा शिरते आहे. याचा बॅटरीशी संबंध नाही. विकणाऱ्याने बॅटरी बदलायला लावली ती एकतर अज्ञानाने किंवा दिवस घालवायला. मनात मी दुसरेच कारण धरले, पण ते आईसमोर बोललो नाही.

तरीही रीत मोडू नये म्हणून पहिल्यापासून पाहिले. इंजिन फिरतच नसेल तर सगळ्यात आधी मनगटाला बांधायच्या दोरीची क्लिप जागेवर आहे का ते बघा. ती नसेल तर इंजिन चालू होत नाही, आणि या एका गोष्टीसाठी लोकांनी मेकॅनिकला मालवणहून बोलावलेले मी पाहिले आहे. मग बॅटरी. भरलेली बारा व्होल्टची बॅटरी मीटरवर साधारण १२.६ दाखवते. स्टार्टर मारताना काटा १० च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी मेली, किंवा तिच्या टोकांना खारे हिरवे बुरशीसारखे गंज चढले आहेत. समुद्रकाठच्या यंत्रात निम्मी विजेची दुखणी या गंजाची असतात. वायर सोडवून, घासून, ग्रीस लावून बसवली की बरी होतात. आमच्याकडे बॅटरी नवीच होती. ठिणगीही दोन्ही प्लगना चांगली, निळसर. ठिणगी बघताना प्लगची धातूची बाजू इंजिनाला टेकवून धरावी, लोंबती ठेवू नये. लोंबत्या वायरीत वीज वाट शोधते आणि इग्निशनचे यंत्र जाळते, ते महाग असते.

मग काढलेले जुने प्लग मागितले. सुदैवाने मुलाने ते टाकले नव्हते. प्लग हे इंजिनाचे जीभ दाखवणे आहे. वैद्य जीभ बघतो, तसा मेकॅनिकने प्लग बघावा. तपकिरी, भाजलेल्या काजूच्या टरफलाच्या आतल्या रंगाचा असेल तर तब्येत चांगली. काळा, ओला, ऑइलाने माखलेला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, आत आग भडकते आहे. मागच्या सिलिंडरचा प्लग तपकिरी होता. पुढच्याचा पांढरा, आणि टोकावर चंदेरी बारीक दाणे. भिंग लावून पाहिले. ते दाणे अॅल्युमिनियमचे होते. इंजिनात अॅल्युमिनियमचा म्हणाल तर पिस्टनच. पिस्टन वितळून त्याचा शिंतोडा प्लगवर आला होता.

तेवढ्यावर विकणाऱ्याशी भांडता येत नाही. आकडा पाहिजे. तो कॉम्प्रेशन गेजने मिळतो. जुनी स्कूटर घ्यायला जाणाऱ्या प्रत्येकाने हे गेज खिशात घेऊनच जावे. ते दुरुस्तीच्या खर्चाच्या मानाने किरकोळ किमतीत मिळते. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, कारण इंजिन हळू फिरले तर आकडा खोटा कमी येतो. दोन्ही प्लग काढावेत, त्यांच्या वायरी धातूला टेकवून ठेवाव्यात, गेज एका भोकात घट्ट बसवावे, थ्रॉटल पूर्ण दाबून धरावा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत पाच-सहा सेकंद स्टार्टर मारावा. मग दुसरे सिलिंडर. अशा टू-स्ट्रोक इंजिनात दर चौरस इंचाला १२० ते १५० पौंड दाब पुष्कळदा आढळतो. नेमका आकडा त्या त्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावा. पण आकड्यापेक्षाही दोन सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा. तो दहा टक्क्यांच्या आत हवा.

मागचे सिलिंडर १३०. पुढचे ६५.

मुलगा काही बोलला नाही. त्याने पुन्हा घ्यायला लावले. पुन्हा ६५. मी म्हटले, आता मोबाइलवर चित्रण कर. यंत्राचा नंबर दिसू दे, गेज दिसू दे, तारीख बोल. त्याने केले. आईने पडवीतून विचारले, "म्हणजे पैसे गेले?" मी म्हटले, "वहिनी, अजून तीन दिवस आहेत."

संध्याकाळी विकणाऱ्याकडे गेलो. सोबत तो शब्द ऐकलेल्या चौघांपैकी दोघे. तो म्हणाला, गेज खोटे. म्हटले, तुमचे आणा. त्याच्याकडे होते! म्हणजे त्याला हे माप माहीत होते आणि यंत्र विकताना त्याने घेतलेही असणार. त्याच्या गेजवर पुढचे सिलिंडर ६० आले. मग तासभर वादावादी झाली. ती सगळी लिहीत नाही. शेवटी ठरले असे: यंत्र मुलाकडेच राहील, पण दोन्ही सिलिंडरांच्या कामाचा खर्च किमतीतून कमी करून विकणारा परत देईल. मी स्वतः यंत्र परत करा म्हणत होतो. मुलाने ऐकले नाही. त्याचे म्हणणे, सांगाडा चांगला आहे, मागचा पंखा चांगला आहे, दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, दुसरे कुठून शोधू? मला तो निर्णय तेव्हा पटला नव्हता. आजही पूर्ण पटलेला नाही. पण हंगाम त्याचा, जोखीम त्याची.

खरी गोष्ट पुढे आहे. पिस्टन जळला हे कळले, पण का जळला? मेकॅनिक म्हणाला, नवे पिस्टन टाकतो, चार दिवसांत देतो. रोप मर रोगाने मेले म्हणून त्याच खड्ड्यात दुसरे लावण्यासारखे झाले. पहिले कारण काढले नाही तर नवा पिस्टन आठवड्यात जळतो, आणि मग विकणारा जबाबदार नसतो.

इंजिन खोलण्याआधी टाकीच्या तळाचे पेट्रोल नळीने एका पांढऱ्या काचेच्या बाटलीत काढले आणि बाटली ओट्यावर ठेवून चहा घेतला. चहा होईस्तोवर बाटलीत दोन थर झाले. वर पेट्रोल, खाली बोटभर निराळा द्रव. हे कसे होते ते नीट समजून घ्या, कारण ग्रास कटरलाही हेच लागू आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. ऊसवाल्या वाचकांनी रागावू नये, इथेनॉलशी माझे वैर नाही. त्याने कारखान्यांना आधार दिला आहे. पण इथेनॉल हवेतला दमटपणा ओढून घेते, आणि कोकणच्या पावसाळ्याइतका दमटपणा कुठे मिळणार? अर्धी भरलेली टाकी चार महिने पडून राहिली, त्यात झाकणातून थोडे पाणी शिरले, की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतात. टू-स्ट्रोकचे ऑइल पेट्रोलात विरघळते, ते वरच्या थरात राहते. इंजिनाला जाणारी नळी तळाला असते. म्हणजे इंजिनाने जे ओढले त्यात ऑइल जवळजवळ नाही. बिनतेलाचा पिस्टन किती वेळ चालेल? शिवाय परदेशी बनावटीच्या बहुतेक स्कूटरच्या पुस्तिकांत इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालेल असे लिहिलेले असते. जुन्या नळ्या आणि कार्ब्युरेटरचे पातळ पडदे त्याहून जास्त प्रमाण फार काळ सोसत नाहीत. यावर माझा तोडगा साधा आहे: हंगामात पेट्रोल ताजे, दोन-तीन दिवसांपुरतेच भरावे आणि हंगाम संपला की टाकी व कार्ब्युरेटर कोरडे करावेत.

मग दोन्ही कार्ब्युरेटर खोलले. यांच्या पोटात नखाएवढी बारीक जाळी असते. बाहेर मोठा फिल्टर असल्यामुळे पुष्कळ मेकॅनिकना ती आहे हेच माहीत नसते. मागच्याची जाळी बरी होती. पुढच्याची हिरवट चिकट गाळाने पाऊण भरलेली. सापडला चोर. पुढच्या सिलिंडरला पेट्रोल अर्धपोटी मिळत होते, त्याबरोबर ऑइलही अर्धेच, म्हणून तेच सिलिंडर भाजले आणि मागचे वाचले. चोक ओढला की तात्पुरते भागायचे.

त्या गाळाचा काही भाग जुन्या नळ्यांच्या आतून सुटलेला होता. म्हणून सगळ्या पेट्रोलच्या नळ्या नव्या टाकल्या. इंजिनाच्या पोटातून पेट्रोल-पंपाच्या पडद्याकडे जाणारी एक नळी असते. पिस्टनच्या वरखाली होण्याने तिच्यात हवेचे हिसके बसतात आणि त्यावर तो पडदा पेट्रोल ढकलतो. तिला केसासारखी चीर असली तरी पेट्रोल कमी पडते. तीही बदलली. टाकी धुऊन उन्हात वाळवली. इंजिन जुळवल्यावर त्यात थोडा हवेचा दाब भरून तो टिकतो का हे पाहून घ्या, असे मेकॅनिकला बजावले, कारण सील किंवा गॅस्केटमधून हवा शिरत असेल तरी हेच दुखणे परत येते. त्याने कुरकुर केली, पण केले.

ऑइलबद्दल एक मोठा धोका राहिला. मूळ यंत्रात ऑइलची वेगळी टाकी आणि छोटा पंप असतो. तो आपोआप ऑइल मिसळतो. बरेच मालक हा पंप काढून टाकतात आणि पेट्रोलातच ऑइल घालतात. दोन्ही पद्धती चालतात. पण जुने यंत्र घेताना यातली कोणती आहे हे विचारलेच पाहिजे. पंप काढलेला आहे आणि नव्या मालकाने साधे पेट्रोल भरले, तर इंजिन धरायला फार वेळ लागत नाही. या मुलाच्या यंत्रात पंप काढलेला होता. विकणाऱ्याने एवढे तरी सांगितले होते. पन्नासास एक हे प्रमाण असेल तर लिटरला २० मिलि, दहा लिटरला २०० मिलि. अंदाजाने ओतू नये, औषध मोजायचा पेला असतोच घरात, मात्र तो कीटकनाशकाचा वापरू नका. ऑइल पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकचे घ्यावे. डब्यावर बहुधा टीसी-डब्ल्यू३ असे लिहिलेले असते. काही कंपन्या आपल्या इंजिनासाठी वेगळे ऑइल सांगतात, तेव्हा पुस्तिकेतला शब्द शेवटचा. ग्रास कटरचे उरलेले ऑइल इथे खपवू नये.

आणखी एक तक्रार नेहमी येते: इंजिन जोरात ओरडते, पण स्कूटर जागची हलत नाही. हे इंजिनाचे दुखणे नाही. इंजिन बंद करून, क्लिप काढून, मागे-खाली बघा. दोर, जाळ्याचा तुकडा किंवा प्लास्टिकची पिशवी दांड्याला गुंडाळलेली असते. ते नसेल तर पंखा आणि त्याभोवतीचे कडे यांतली फट वाढलेली असते. ती मिलिमीटरच्या काही अंशांइतकीच असायला हवी. उथळ पाण्यात, वाळूवर चालू केल्याने खडे आत जाऊन पंख्याच्या कडा खाल्ल्या जातात. तीन फूट पाण्यापर्यंत ढकलत न्यावी आणि मग चालू करावी. गिऱ्हाईक किनाऱ्यालगत चढवण्याच्या घाईत हे कोणी करत नाही.

स्कूटर उलटली तर मागे लावलेल्या पट्टीवर बाण असतो, त्याच दिशेने सरळ करावी. उलट्या बाजूने फिरवली तर एक्झॉस्टमधले पाणी सिलिंडरात उतरते. इंजिनात समुद्राचे पाणी गेलेच तर उद्यावर ठेवू नका. प्लग काढून, वायरी टेकवून, स्टार्टरने पाणी बाहेर उडवावे, भोकांत थोडे ऑइल सोडावे, पेट्रोल बदलावे आणि त्याच दिवशी काही तासांत इंजिन चालू करून तापवावे. रात्रभर खारे पाणी राहिले की बेअरिंगला गंज चढतो. पुढे महिन्याने दांडा खडखडू लागतो तेव्हा कोणाला त्या दिवसाची आठवण नसते. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने आतून धुणे तर बैल धुण्याइतके नियमाचे हवे. क्रम मघाशी सांगितलाच आहे.

परवान्याबाबत एवढेच, की असा व्यवसाय करायला महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते. जुने यंत्र घेण्याआधी त्याची कागदपत्रे आपल्या नावावर होतील का, हे मंडळाच्या कार्यालयात विचारून घ्यावे, पैसे मोजल्यावर नव्हे.

त्या मुलाचे इंजिन दिवाळीच्या पाडव्याला चालू झाले. दोन्ही सिलिंडर थोडी मोठी करून त्याच मापाचे पिस्टन टाकले होते. सुरुवातीच्या तासांत पूर्ण थ्रॉटल न देता, मेकॅनिकने सांगितले तसे थोडे जास्त ऑइल घालून चालवले. दोन आठवड्यांनी पुन्हा गेज लावले, दोन्हीकडे १४०. डिसेंबरच्या गर्दीत यंत्र बंद पडले नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने उथळात थ्रॉटल दाबला आणि पंख्याला खडा लागला, तेवढे सोडून. सोसायटीतल्या चारपैकी दोन बांगड्या फेब्रुवारीत सुटल्या. उरलेल्या दोन पुढच्या हंगामात, असे वहिनींनी कळवले आहे. सोबत सोललेल्या सुपाऱ्या पाठवल्या होत्या. मी सुपारी खात नाही, पण परत पाठवणे बरे दिसले नसते.

जाता जाता गुहागरकडच्या एका वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर. त्यांची जुनी स्कूटर फोर-स्ट्रोक आहे आणि ऑइलची काडी काढल्यावर ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते. दादा, ऑइलात पाणी गेले आहे. ते कुठून गेले हे सापडेपर्यंत एकदाही चालू करू नका. स्कूटर उलटली होती का, किंवा धुताना नळ आधी सोडला होता का, ते मला कळवा. त्यावरून पुढचे सांगता येईल.

पुढील अंकात: नारळावरील गेंड्या भुंगा आणि शेणखताचा खड्डा.